एका स्वराचा फरक

काही वर्षांपूर्वी शेजारचा मुलगा नोकरीसाठी माद्रिदला गेला आणि महिन्याभरात आजारी पडला. त्याच्या घरमालकिणीचा स्पॅनिश निरोप घेऊन काकू माझ्याकडे आल्या. मी घाईत वाचून सांगितले, ‘इंग्रजी बोलणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना शोधताहेत.’ काकूंना हायसे वाटले. रात्री निरोप पुन्हा पाहिला, तर शब्द ‘आब्ला’ नव्हता, ‘आब्ले’ होता. म्हणजे डॉक्टर मुळात ठरलेलाच नव्हता. इंग्रजी बोलेल असा कोणी मिळतो का, हे पाहणे चालू होते.

चूक एका स्वराची. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्ला’ म्हणजे तो बोलतो, ही वस्तुस्थिती. ‘आब्ले’ म्हणजे तो बोलावा, बोलो, बोलेल असा. जे अजून फक्त मनात आहे ते. खाण्याच्या ‘कोमेर’मध्ये हेच उलट होते : ‘कोमे’ म्हणजे खातो, ‘कोमा’ म्हणजे खावे. स्पॅनिश वैयाकरण या दुसऱ्या रूपाला ‘सुबखुंतीव्हो’ म्हणतात. शाळेत आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ घोकले. सुबखुंतीव्होचा बराचसा संसार आपल्या विध्यर्थात मांडलेला आहे. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातले ‘यावे’ स्पॅनिशमध्ये सुबखुंतीव्होतच येते.

खरी गंमत आज्ञेत आहे. मित्राला ‘बोल’ म्हणायचे तर ‘आब्ला’. ‘तो बोलतो’चेच रूप. पण ‘बोलू नकोस’ म्हणायचे तर ‘नो आब्ला’ चालत नाही, ‘नो आब्लेस’ म्हणावे लागते. नकार आला की आज्ञार्थ संपतो आणि सुबखुंतीव्हो सुरू होतो. शिकणाऱ्याला हा जाच वाटतो, पण मराठी माणसाने तक्रार करू नये. आपणही ‘बोल’च्या मागे नुसता ‘न’ लावून भागवत नाही. ‘बोलू’ आणि ‘नकोस’ असे निराळेच बांधकाम उभे करतो. स्पॅनिशमध्ये सर्वनामेही जागा बदलतात : ‘ते मला सांग’ म्हणजे ‘दीमेलो’, सगळे क्रियापदाला मागून चिकटलेले, ‘ते मला सांगू नकोस’ म्हणजे ‘नो मे लो दीगास’, सर्वनामे सुटी होऊन पुढे आलेली.

आदरार्थी आज्ञेत तर होकारातही सुबखुंतीव्होच : ‘आब्ले उस्तेद’, आपण बोलावे. ‘उस्तेद’ हे ‘व्हुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या जुन्या संबोधनाचे झिजलेले रूप. समोरच्याला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेविषयी तृतीयपुरुषात बोलायचे, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी. लग्नपत्रिकेतल्या ‘आगत्य येण्याचे करावे’मागचा संकोच याहून फार वेगळा नाही. १४९२ साली नेब्रिखाने कास्तिलियन भाषेचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले, त्याच वर्षी ग्रानादाचे मुस्लिम राज्य संपले. पण अरबी प्रार्थना भाषेत राहूनच गेली. ‘अल्लाची इच्छा असेल तर’ अशा अर्थाच्या शब्दांपासून झालेला ‘ओखाला’ आज नास्तिकही वापरतात, आणि त्याच्यामागे सुबखुंतीव्हो येतोच. ‘ओखाला युएव्हा’ : पाऊस पडो.

माझ्या चुकीचे कारण शोधताना मात्र मला आपल्या ‘बोलणारा’ची भीती वाटू लागली. ‘इंग्रजी बोलणारा डॉक्टर शोधतो आहे’ यातला डॉक्टर आहे की हवा आहे? मराठी कृदंत ते सांगत नाही; स्पॅनिश क्रियापदाला ते सांगावेच लागते. तेव्हापासून भाषांतर करताना ‘के’ हे संबंधी सर्वनाम आणि पुढे सुबखुंतीव्हो दिसला, की मी ‘बोलणारा’ खोडून ‘बोलेल असा’ लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंकडे गेले आणि खरे ते सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग देवघराकडे पाहत म्हणाल्या, ‘मिळो बाई एकदाचा.’ मी त्यांच्या वतीने घरमालकिणीला उत्तर लिहिले. सुरुवात ‘ओखाला’ने केली.