देवमाशाला गाणे कसे ऐकवावे?

२००७ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड रोथेनबर्ग यांनी हवाई बेटांजवळ हंपबॅक देवमाशांना क्लॅरिनेट ऐकवले. हवेतला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परावर्तित होतो. जेमतेम हजारावा भाग आत शिरतो. म्हणून त्यांनी ध्वनिक्षेपक पाण्यात सोडला.

कुर्डुवाडीला समुद्र नसला तरी विहीर आहे. पोहता येणाऱ्यांनी बुडी मारून आधी काठावरची टाळी, मग पाण्यातच एकमेकांवर आपटलेले दोन दगड ऐकावेत. फरक लगेच कळेल.

देवमाशांनी उत्तर दिले का? हे नर आपले गाणे एरवीही बदलतात, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. जहाजाचा पंखा मात्र पाण्यातच फिरतो. त्याच्या गोंगाटाला पृष्ठभागाची भिंत आड येत नाही. अरबी समुद्रात उरलेल्या मोजक्या हंपबॅकांना आपल्या सूरांपेक्षा शांततेचीच गरज अधिक आहे.