शेर्पा लोक व हिमालयाचे पाहुणे

शेर्पा म्हणजे पहाडांत ओझें वाहणारा हमाल, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती बरोबर नाहीं. शेर्पा हें धंद्याचें नव्हे, एका जमातीचें नांव आहे. त्यांच्या भाषेंत ‘शर’ म्हणजे पूर्व व ‘पा’ म्हणजे राहणारे. सुमारें ५०० वर्षांपूर्वीं हे लोक पूर्व तिबेटांतून येऊन नेपाळच्या सोलुखुंबू भागांत वसले. जमातीचें नांव धंद्यास कसें चिकटलें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

पूर्वीं बटाटे व जव पिकवावे, याक पाळावे, आणि नांगपा घाटानें तिबेटांत धान्य नेऊन मीठ व लोंकर आणावी, असा त्यांचा संसार चाले. उंच शिखरें हीं त्यांस देवतांचीं स्थानें. तीं चढण्याचें त्यांच्या मनांतहि येत नसे. पुढें कांहीं जण पोटासाठीं दार्जिलिंगास गेले व तेथें इंग्रजांच्या मोहिमांत त्यांस काम मिळालें. १९२२ सालीं एव्हरेस्टवर बर्फाचा कडा कोसळून सात हमाल मृत्यु पावले. २९ मे १९५३ रोजीं तेनसिंग व हिलरी शिखरावर पोहोंचले, आणि शेर्पांचें नांव जगभर झालें. १९५९ नंतर तिबेटचा व्यापार आटला. परंतु लवकरच पाहुण्यांची रीघ लागली.

या पाहुण्यांमुळें हातीं पैसा आला, धर्मशाळेसारखीं विश्रांतिगृहें उभीं राहिलीं. हिलरी यांच्या साह्यानें १९६१ सालीं खुमजुंग येथें शाळा, १९६४ सालीं लुक्ला येथें विमानतळ व १९६६ सालीं खुंदे येथें रुग्णालय झालें. त्या शाळेंत शिकून कोणी डॉक्टर झाले, कोणी वैमानिक.

पण या सुखाचें मोल मोठें आहे. खुंबूचा भेगाळ हिमप्रपात पाहुणा थोड्याच वेळां ओलांडतो; तंबू, अन्न व प्राणवायूच्या नळकांड्या पोहोंचविणाऱ्या शेर्पास तो वारंवार ओलांडावा लागतो. १८ एप्रिल २०१४ रोजीं तेथें १६ नेपाळी कामकरी एकदम गेले. सरकारनें प्रत्येक कुटुंबास प्रथम अवघे ४०,००० रुपये देऊं केले, तेव्हां शेर्पांनीं संतापून त्या वर्षीं चढाई थांबविली. पुढें विम्याची रक्कम वाढली.

आज शेर्पा स्वतःच मोहिमा काढितात. १६ जानेवारी २०२१ रोजीं के-टू शिखर ऐन हिवाळ्यांत प्रथम जिंकणाऱ्या दहा नेपाळ्यांत नऊ शेर्पा होते. तरीहि कित्येक शेर्पा बाप म्हणतात, ‘आमच्या मुलांना हें ओझें उचलावें लागूं नये, म्हणूनच आम्ही तें उचलितों.’ हें ज्या मुलांस शाळेंत बसून वाचावयास मिळतें, त्यांनीं आपल्याहि घरीं कोण कोणतें ओझें उचलितो, तें पाहावें, असें आम्हांस वाटतें.