पायाचा हिशेब

ठाणे-भिवंडी मार्गावरील कशेळी हे खाडीकाठचे गाव. येथे घर बांधणारी व्यापारी कुटुंबे जागेचा भाव काटेकोरपणे ठरवतात. पायाचा खर्च मात्र कंत्राटदाराच्या शब्दावर सोडतात.

वस्तुतः हा खर्च जमिनीखालील थर ठरवतो. चार-पाच फुटांवर पक्का मुरूम वा खडक लागल्यास प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र फुटिंग सर्वांत स्वस्त पडते. माती मऊ असल्यास फुटिंगचा आकार वाढतो. घराखालचे निम्म्याहून अधिक क्षेत्र फुटिंगनेच व्यापले, तर सलग राफ्ट बहुधा किफायतशीर ठरतो. खाडीचा गाळ खोलवर असेल, तर पाइल खडकापर्यंत न्याव्या लागतात. तेथे यंत्र आणण्याचा खर्च घर लहान म्हणून कमी होत नाही. त्यामुळे लहान घरास पाइल विशेष महाग पडते.

म्हणून प्रथम बोअर घेऊन माती परीक्षण, मग अभियंत्याचा आराखडा आणि त्यानंतरच दरपत्रके, हा क्रम पाळावा. दरपत्रकात पायाची खोली, सळईचे किलो व काँक्रीटचे घनमीटर स्वतंत्र लिहून घ्यावेत. अन्यथा दोन दरांची तुलनाच होऊ शकत नाही.

परीक्षणाचा खर्च वाचवून पुढे पाया खचला, तर दुरुस्तीसाठी घर रिकामे करावे लागू शकते. मग कर्जाचा हप्ता आणि भाडे दोन्ही एकाच खिशातून जातात.