चिरलेलं वांगं काळं का पडतं?

वांग्याच्या फोडी चिरल्या चिरल्या पाण्यात टाकायच्या, हे घरात कुणी मुद्दाम शिकवत नाही. बघून बघून कळतं. विसरलं की थोड्याच वेळात पांढरा गर तपकिरी होतो. ‘हवा लागली’ असं आपण म्हणतो. पण वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, त्यात हवा आधीपासून असतेच. मग अख्खं वांगं आतून काळं का पडत नाही?

पेशीत सामान वेगवेगळ्या खणांत ठेवलेलं असतं. फिनॉल वर्गातली रसायनं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत असतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, मुख्यतः लवक नावाच्या वेगळ्या खणांत असतं. सुरीने हे खण फाटतात आणि दोघांची गाठ पडते.

विकर हे बहुधा प्रथिन असतं. अमिनो आम्लांची लांब माळ ठरावीक घड्या घेते आणि तिच्यात एक खोबण तयार होते. आपल्या या विकराच्या खोबणीत तांब्याचे दोन अणू बसलेले असतात. ते ऑक्सिजन धरतात, शेजारी फिनॉलचा रेणू येऊन बसतो, त्याचं क्विनोन होतं आणि ते बाहेर पडतं. खोबण पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. बाहेर पडलेली क्विनोनं एकमेकांना जोडली जातात. तोच तपकिरी रंग. शेजारी पडलेल्या पिष्टाला मात्र हे विकर हात लावत नाही, कारण पिष्ट त्या खोबणीत बसतच नाही.

विकराशिवायही अशी क्रिया होऊ शकते, पण फार सावकाश. तिला ऊर्जेचा उंच घाट चढावा लागतो. विकर त्या घाटात बोगदा काढतं. निघायचं आणि पोचायचं ठिकाण तेच राहतं, चढण तेवढी वाचते. आपल्या रक्तपेशींतल्या कार्बनिक अनहायड्रेज या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख रेणूंचं काम उरकतो. त्याच्याशिवाय शरीरातला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून वेळेवर बाहेर पडला नसता.

विकर हे प्रथिन असतं, हे १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी दाखवलं. अबईच्या जवळच्या एका शेंगेच्या बियांतून त्यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले. अनेकांना ते पटायला वेळ लागला. नोबेल मिळालं १९४६ साली.

आता स्वयंपाकघरातल्या युक्त्या बघा. पाण्यात बुडवलं की ऑक्सिजन कमी पोचतो. लिंबाच्या आंबटपणाने विकराचं काम मंदावतं, शिवाय त्यातलं क जीवनसत्त्व क्विनोनला परत फिनॉल करतं. उकळत्या पाण्यात माळेच्या घड्याच उलगडतात, अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर होतं तसं, आणि त्या पुन्हा पडत नाहीत. फ्रीजमध्ये काम फक्त संथ होतं.

झाडाला या सगळ्याचा उपयोग काय? जखमेवर आलेल्या किडीला आणि बुरशीला अडवणं. क्विनोनं प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे ती किडीला नीट पचत नाहीत. चहाची पानं मळून माणूस हीच क्रिया मुद्दाम घडवतो; ग्रीन टीसाठी पानं आधी तापवून ती थांबवतो. तांब्याचे तसेच दोन अणू असलेलं टायरोसिनेज हे विकर आपल्या त्वचेत मेलॅनिन बनवतं. ते जन्मतःच नीट काम करत नसेल, तर त्वचा, केस आणि डोळे यांना रंग मिळत नाही.

वांग्याच्या तीन फोडी घ्या: एक उघडी ठेवा, एकीला लिंबू चोळा, एक उकळत्या पाण्यातून काढा. अर्ध्या तासाने मुलांना बोलावून दाखवा.