दिल्लीहून आलेली मोटार

आमचा अकोल्याचा पुतण्या गेल्या दिवाळीस अमरावतीस आला, तो येथील एका दलालाकडील मोटारीचें वेड घेऊनच. चारहि चाकांना जोर देणारी, बारा वर्षें वापरलेली विलायती डिझेल मोटार, आणि किंमत नवीच्या पंचमांश! ती इतकी स्वस्त कां, हें मात्र त्यानें विचारलें नव्हतें. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिल्लींत बंदी केली, व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. तेव्हां तिकडील कित्येक गाड्या परप्रांतीं विकल्या गेल्या.

गाडीचें मोल उतरतें, सुट्या भागांचें उतरत नाहीं. अशा कित्येक गाड्यांत पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेनें फुगविलेल्या रबरी पिशव्या असतात. वयपरत्वें रबरास चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढतांना काँप्रेसर सारखा चालतो आणि अखेर जळतो. वऱ्हाडच्या काळ्या मातींत पावसाळ्यांत चार चाकांचा जोर उपयोगी खरा. पण पुतण्याची फेरी अकोला-अमरावतीची! त्या रस्त्यावर तर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला. तेथें टांगाहि रुतावयाचा नाहीं.

पैसा वहिनींनीं धाकटीच्या शिक्षणासाठीं ठेवलेला. मीं एवढेंच सुचविलें कीं, गाडी रात्रभर सपाट जागीं उभी राहूं द्यावी व इंजिन चालूं होण्यापूर्वीं आपण पाहावी. सकाळीं गेलों, तों मागची डावी बाजू चार बोटें खचलेली!

“चालूं केली कीं वर येते, काका,” दलाल म्हणाला.

पुतण्यानें किल्ली त्याच्या हातीं परत दिली.