अग्निवीर होऊन कॉलेजची फी?

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "मुलाला अग्निवीर करू का? चार वर्षांत पुढच्या शिक्षणाचे पैसे जमतील."

हिशेब असा आहे. 2022 च्या या योजनेत पहिल्या वर्षी दरमहा 30 हजार ठरले. त्यातले 9 हजार सेवानिधीत जातात, हातात 21 हजार येतात. सरकारही निधीत तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख मिळतात, तेही करमुक्त. पेन्शन नाही, आणि पुढे कायम होतात ते फार तर चारांतला एक.

म्हणजे फीचा पैसा येतो मुलगा बाविशीला टेकल्यावर. तोवर घराचा स्लॅब अर्धा असतो, बहिणीचा निकाह ठरलेला असतो. (टोमणा नाही, आपल्या घरांत पैसा असाच वाटला जातो.) उरलेल्या पैशात कॉलेज होईलही, पण वर्गाची सवय सुटलेली असते. म्हणून नोकरीत असतानाच इग्नूच्या अग्निवीरांसाठीच्या पदवीला नाव घालावे. तिथे निम्मे क्रेडिट लष्करी प्रशिक्षणाचे धरतात.

फौजेची ओढ असेल तर मुलाने खुशाल जावे. फक्त फीसाठी मात्र मी पाठवणार नाही. पदवी आणि फौज दोन्ही हवी असेल, तर खडकवासल्याची एनडीए आहे. तिथे शिक्षण सरकारच्या खर्चाने होते, पुढे अधिकारीपद मिळते, आणि 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे. लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे असतात. आपली मुले अडतात ती तिथेच, तेव्हा गणिताची वही नववीपासून बघा.