कयाधूच्या खोऱ्याचा छेद

हिंगोली शहरात पत्ता सांगताना माणूस आजही सहज म्हणतो, पलटणमध्ये, रिसाल्यात, तोफखान्यात, पेन्शनपुऱ्यात. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखान्याला वेगळा अर्थ सांगायला नको. पेन्शनपुऱ्याच्या नावावरूनच कळते की नोकरी संपवून इथेच घर केलेल्या शिपायांची ती वस्ती. वऱ्हाडच्या सीमेवरचे हे निजामाच्या राज्यातले लष्करी ठाणे. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी इथे होती. 1903 साली ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, घोडे गेले, तोफा गेल्या, नावे तेवढी उरली.

नगररचना हा शब्द इथे कोणाच्या कानावर पडण्याआधीच हे गाव आखले गेले होते. पायदळ कुठे, घोडे कुठे, बाजार कुठे, निवृत्त माणसे कुठे, हे कोणीतरी विचार करून ठरवले होते. तो विचार फौजेपुरता होता, पण होता. फौज गेल्यावर गावासाठी तसा विचार कोणी करायचा, हा या लेखाचा विषय. तो विचार करायला माणसे शिकवावी लागतात, आणि ते शिक्षण आपल्याकडे पदव्युत्तर पातळीवर मिळते. मास्टर ऑफ प्लॅनिंग किंवा एम.टेक., दोन वर्षे, चार सत्रे. हिंगोलीच्या घराघरात या पदवीचे नाव पोचलेले नाही. मला वाटते, तिची गरज सर्वांत जास्त ज्या जिल्ह्यांना आहे, त्यांत हिंगोली येते.

1 मे 1999 रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11,77,345 आणि त्यांतले शहरात राहणारे शंभरात जेमतेम पंधरा. त्याच वेळी सगळ्या महाराष्ट्राचे प्रमाण 45 च्या पुढे होते. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, इथे शहरच नाही तर शहराचे नियोजन कशाचे? पण या विद्येचे नावच नगर आणि प्रदेश नियोजन असे जोडनाव आहे. त्यातला नगर हा शब्द पुण्या-मुंबईने उचलला. प्रदेश हा शब्द अजून उचलायचा राहिला आहे.

देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यातला, 1915 चा. त्याच्या एक वर्ष आधी सरकारचे नगररचना खाते सुरू झाले होते. त्या कायद्याचा वारा हिंगोलीला लागला नाही, कारण इथे निजामाचे राज्य. हैदराबादेत 1908 साली मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर 1912 मध्ये शहर सुधारणेचे मंडळ नेमले गेले, पण ते राजधानीपुरते. मराठवाड्यातली गावे दोन्हीकडून सुटली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. तोवर हिंगोलीने हैदराबाद, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली होती. पिढ्या-दोन पिढ्यांचे हे अंतर आजही जाणवते. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या नगरपालिकांत टीपी स्कीम हा शब्द आजोबांच्या तोंडी सापडतो. आपल्याकडे तो ले-आउट आणि एनएच्या निमित्ताने आला, आणि प्लॉट विकणाऱ्याच्या तोंडून आला.

ही विद्या आपल्याकडे विद्यापीठात आली, ती गोष्ट मात्र दिवाळीत सांगण्यासारखी आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा माणूस, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. 1914 साली तो नगररचनेचे एक प्रदर्शन घेऊन भारतात निघाला. नकाशे आणि चित्रे वेगळ्या जहाजात होती, आणि ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. गेडिसने पुन्हा साहित्य जमवले आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासमध्ये प्रदर्शन उघडले. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि त्याचे पहिले प्राध्यापकपद त्याला दिले. गो. स. घुर्ये हे त्याचेच विद्यार्थी.

त्या आधी तो होळकरांच्या इंदूरसाठी काम करत होता. शहरात प्लेग होता आणि नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या या गोऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात भीती होती; हा आला की घरे पडणार. त्याचे चरित्रकार सांगतात की त्याने दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीच्या मिरवणुकीची दवंडी पिटवली. मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. ज्या आळीने घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील, तिथून जाईल. सगळे शहर झाडायला लागले. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भलामोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार पांढरे कपडे घालून, हार घालून मानाने चालत होते. राक्षस शेवटी जाळला. 1918 मध्ये त्याचा इंदूरचा दोन खंडांतला अहवाल निघाला. मला त्या अहवालापेक्षा ती मिरवणूक मोठी वाटते. आराखडा लोकांना पटायचा असेल तर तो त्यांच्या सणावारात शिरला पाहिजे, हे त्याला कळले होते.

गेडिसचा आग्रह एकच: आधी पाहणी, मग उपाय. डॉक्टर नाडी न बघता शस्त्र उचलत नाही, तसे. जुने गाव सरसकट पाडू नये, जेवढे राखता येईल तेवढे राखून कापाकापी करावी. त्याची दुसरी देणगी म्हणजे खोऱ्याचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक रेघ मारायची आणि त्या उतारावर कोण कुठे कशावर जगतो ते लिहायचे: वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मग मेंढपाळ, मग हलक्या जमिनीचा शेतकरी, मग सुपीक जमिनीचा, शेवटी कोळी. शहर म्हणजे या उताराची गोळाबेरीज. शहर समजून घ्यायचे तर आधी खोरे चालावे लागते.

हा छेद हिंगोलीत काढून पाहा. कयाधू वाशिम जिल्ह्यातून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पुढे पैनगंगेला मिळते. वरच्या अंगाला माळरान, कोरडवाहू सोयाबीन आणि कापूस, बंजारा तांडे, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे. खाली बाजाराचे शहर. जिल्ह्याच्या दक्षिणेला दुसरे खोरे पूर्णेचे. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचे पाणी कालव्याने खाली उतरते आणि वसमतकडे ऊस, केळी, हळद पिकते. एकाच जिल्ह्यात एका उतारावरून माणसे उठून जातात आणि दुसऱ्या उतारावर साखर कारखाना उभा राहतो. 1984 मध्ये दांडेकर समितीने महाराष्ट्राचा अनुशेष मोजला, 3,186 कोटी रुपयांवर. त्या अहवालाने मराठवाड्याला आपले दुखणे आकड्यांत सांगायला शिकवले आणि त्यासाठी आपण ऋणी राहावे. पण समितीची फूटपट्टी जिल्ह्याची होती. जिल्ह्याच्या पोटातली ही दोन खोरी त्या फूटपट्टीवर दिसत नाहीत. ती दाखवणारा नकाशा काढणे हे प्रदेश नियोजन शिकलेल्याचे काम.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली, राज्याने 1998 मध्ये तिचा कायदा केला. गावे आणि शहरे यांचा एकत्र आराखडा, पाण्याची वाटणी, जमिनीचा वापर, हे सगळे तिने पाहावे अशी घटनेची अपेक्षा आहे. आपल्या अनुभवात ही समिती म्हणजे पालकमंत्र्यांची बैठक आणि निधीचे वाटप. रस्त्याला इतके, शाळेच्या खोल्यांना इतके. रस्ता कुठून कुठे आणि का, हे सांगणारा नकाशा त्या टेबलावर असायला हवा.

आता शिक्षणाकडे. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर ही या क्षेत्रातली मोठी संस्था; तिथे नगर, प्रदेश, वाहतूक, गृहनिर्माण, पर्यावरण अशा वेगवेगळ्या शाखांत पदव्युत्तर पदवी मिळते. भोपाळ आणि विजयवाड्याच्या संस्था 2008 मधल्या. महाराष्ट्रात पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी ही जुनी ठिकाणे. वास्तुकला, स्थापत्य किंवा नियोजनाची पदवी असलेल्याला गेट ही परीक्षा देऊन जाता येते. काही ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या एम.ए. झालेल्यांनाही दार उघडे असते, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने मला हे दार सर्वांत मोलाचे वाटते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हिंगोली येते. इथल्या कॉलेजांतून भूगोल आणि समाजशास्त्र शिकणारी मुले-मुली दरवर्षी बाहेर पडतात. बहुतेकांपुढे बी.एड. आणि स्पर्धा परीक्षा एवढेच दोन रस्ते असतात. तिसरा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आणि माणसांची गरज किती? नीती आयोगाच्या सप्टेंबर 2021 च्या अहवालानुसार देशात 12,000 च्या वर नगररचनाकार हवेत. राज्यांच्या खात्यांत मंजूर पदे 3,945, त्यांतलीही 42 टक्के रिकामी. देशातल्या 7,933 शहरी वस्त्यांपैकी 65 टक्क्यांना विकास आराखडाच नाही. काही राज्यांत तर या पदासाठी नियोजनाची पदवी सक्तीची नाही, हेही तोच अहवाल सांगतो.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे स्टुडिओ. विद्यार्थ्यांचा गट एखादे शहर घेतो, बेस मॅप करतो, घरोघर फिरून लँड यूज सर्व्हे करतो, चौकात उभे राहून वाहने मोजतो, मग शीट लावून ज्युरीपुढे उभा राहतो. शेवटच्या सत्रात थीसिस. नकाशाचे रंग ठरलेले: राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा, सार्वजनिक इमारतींना लाल, शेतीला हिरवा. समजा, नर्सीची एखादी मुलगी, नामदेवांच्या गावची, हा बेस मॅप घेऊन वसमतच्या गल्लीत उभी राहिली. पुढे दुकान, मध्ये घर, मागे हळदीची पोती, पलीकडे पॉलिशचे यंत्र. कोणता रंग देणार? वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या हळद बाजारात हंगामात वाहनांच्या रांगा लागतात, आणि या सगळ्या व्यवहाराला नकाशात जागा नाही, कारण रंगांची यादी घर आणि धंदा वेगळे असलेल्या शहरांवरून झाली आहे. त्या मुलीने रंगाचा नवा खाना काढावा. तो काढायला तिच्याइतके योग्य कोणी नाही.

तिथून तिने वारंगा फाट्यावर जावे. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरीमार्गे नांदेडकडे जाणारा महामार्ग आणि तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा महामार्ग इथे भेटतात. हॉटेले, टायरची दुकाने, शेतीच्या औषधांची दुकाने, दवाखाने, शिकवण्या, सगळे रस्त्याच्या कडेला. आपल्या जिल्ह्याची वाढ कुठे होते ते नावांतच लिहिलेले आहे: वारंगा फाटा, कनेरगाव नाका, जवळा बाजार. जनगणना ज्याला शहर म्हणते त्याला किमान 5,000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसे आणि पुरुष कामगारांतले 75 टक्के बिगरशेती लागतात. फाट्यावर दुकान चालवणारा माणूस रात्री शेजारच्या गावात झोपतो, म्हणून त्याची मोजणी तिथे होते. फाटा दिवसा शहर असतो आणि जनगणनेत गाव. गटार, पाणी, कचरा, वळणावरचे अपघात, हे सगळे ग्रामपंचायतीच्या अंगावर.

तिसरे ठिकाण औंढा तालुक्यातले दुधाळा. गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा तिथे उभी राहते आहे. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2,600 कोटी रुपये, एप्रिल 2023 मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी. या यंत्राला शांतता लागते. अवजड वाहतूक, खाणीतले सुरुंग, जवळची यंत्रे, सगळ्यांचा कंप त्याला बाधतो. म्हणजे भोवतालच्या गावांच्या जमिनीचा वापर पुढची कित्येक वर्षे या वेधशाळेशी बांधला गेला. त्याबदल्यात त्या गावांना काय, हा प्रश्न नियोजनाचा आहे.

त्याच पट्ट्यात जमीनही बोलते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून येणारे गूढ आवाज लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेले 4.5 रिश्टरचे धक्के बसले. मराठवाड्याला किल्लारीचा भूकंप विसरता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली, जमीनधारणेनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरे, सरळ रेषेतले रुंद रस्ते. घरे मजबूत झाली, हे मोठे काम. पण वाड्याचा चौक, बैलांचा गोठा, दगडी ओटा, शेजाऱ्याची भिंत हे त्या सरळ रेषांत बसले नाही. लोकांनी पुढे पडव्या, गोठे, छपरे आपापली जोडून घेतली. नियोजनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तिथे राहून यावे. मूळ नकाशा एका हातात, आजचे घर समोर. कुठे काय वाढवले ते टिपावे. ती वाढवलेली पडवी म्हणजे आराखड्यावर लोकांनी नोंदवलेली हरकत आहे, 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 26 मध्ये बसणारी नसली तरी.

हरकतीवरून एक मागणी. आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा सूचना आणि हरकती मागवल्या जातात. शेतात आरक्षण पडल्याचे शेतकऱ्याला अनेकदा प्लॉट विकायला निघाल्यावर कळते. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम 127 खाली नोटीस देता येते, हे त्याहून कमी जणांना ठाऊक असते. आणि जी तरुण मुले दोन वर्षे हेच शिकतात, त्यांचे थीसिस इंग्रजीत लिहिले जाऊन पुण्या-नागपूरच्या ग्रंथालयांत राहतात. हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतवर कोणी थीसिस केला, तर त्याची एक प्रत मराठीत, नकाशांसह, त्या नगरपरिषदेत आणि ग्रामपंचायतीत ठेवणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे. भिंतीवर लावावा तो नकाशा, चावडीत, लोक सातबारा काढायला येतात तिथे. पलटण कुठे संपते आणि रिसाला कुठे सुरू होतो, ते दाखवायला दोन म्हातारी माणसे आपणहून पुढे येतील, आणि त्यांतला एक तरी बोट ठेवून सांगेल की इथला नाला तुम्ही चुकीचा काढला आहे.